‘जय भीम’ नावाचं फोल्डर

"ये क्या लिखा है?"

सरनं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड होता, त्या उजेडात माझा लॅपटॉप. पडद्यावर एक पांढरा चौकोन, त्यात लाल फुली. इंग्रजीत लिहिलं होतं की या पत्त्यात चालत नाहीत अशी अक्षरं आहेत, म्हणून पायथन बसवता येत नाही. खाली तो पत्ता होता. सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग देवनागरीत, चांगलं मोठं, जय भीम.

मी म्हटलं, "नाव हाये सर."

"किसका नाम?"

"लॅपटॉपचं."

वर्ग हसला. मी पण थोडी हसली. काऊन हसली ते आजही मला सांगता येत नाही.

सर म्हणाले, "देखो भाई, मैं कुछ नहीं बोल रहा. सॉफ्टवेअर खुद बोल रहा है, ये नहीं चलेगा."

आता वर्ग जोरात हसला. मागचा पंखा घरघर करत होता, त्याच्याही वर हसणं गेलं. सरनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं, जसं काही त्यांना हे हसणं आवडलं नव्हतं.

"पहले ये नारा हटाओ, फिर पायथन सीखो. शनिवार तक मशीन तैयार चाहिए. नहीं तो बगल में डेटा एंट्री की बॅच है. बैठ के आराम से टायपिंग करो. तुम लोगों का उसी में अच्छा है."

तुम लोग म्हणजे कोण ते सरनं सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. त्या वर्गात आम्ही चौघं सरकारी योजनेच्या जागेवर आलो होतो, बाकीचे फी भरून. चौघांनीही माना खाली घातल्या. मी वायर काढली, लॅपटॉप छातीशी धरला आणि मागच्या बाकावर येऊन बसली. लोक सांगतात की अशा वेळी डोळ्यांत पाणी येते, अंग पेटते. मला तसं काही झालं नाही. मी वहीत तारीख टाकली आणि पुढचा धडा लिहून घेतला.

हे गोंदियातलं. बाजारात कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ते ट्रेनिंग सेंटर आहे. मी सौंदडची. सकाळच्या पॅसेंजरनं यायची, दुपारच्या गाडीनं परत जायची. आई धानाच्या रोवणीच्या दिवसात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे शेतात, मजुरीला जाते, बाबा कोहमाऱ्याला ढाब्यावर तंदूरच्या रोट्या लावतो. मी बी. एस्सी. केली सडक अर्जुनीला. कॉलेज संपल्यावर एक वर्ष घरी होती. त्या वर्षात मी मोबाईलवर पायथन शिकायला लागली. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. हजार ओळींचा तक्ता असला तरी चार ओळी लिहून त्याला विचारता येते, कुठं जास्त, कुठं कमी, कधीपासून कमी. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मी ते करत होती. अंगठा दुखायचा, पण उत्तर बरोबर आलं की बरं वाटायचं. मनापासून बरं वाटायचं.

डेटा एंट्री वाईट काम नाही. माझी एक मैत्रीण तेच करते, तिचं घर त्यावर चालते. पण तिथं दुसऱ्यानं दिलेले आकडे डब्यात भरायचे असतात, ते आकडे काय सांगतात हे आपल्याला कोणी विचारत नाही. मला विचारायचं होतं. एवढंच हवं होतं मला त्या वर्गातून. आणि ते त्या शनिवारवर येऊन अडलं होतं.

आता त्या नावाचं सांगते.

आमच्या घरी नवीन वस्तू आली की तिच्यावर पहिले जय भीम लिहायचं. वहीचं पहिलं पान असो, आईची लोखंडी पेटी असो, बाबाची मोटारसायकल असो. धान साठवायच्या ढोलीवर पण चुन्यानं लिहिलेलं आहे. आजा लिहायचा, आता बाबा लिहितो. दुसऱ्यांच्या घरी श्री लिहितात, आमच्या घरी हे. यात भांडणाचं काही नाही, कोणाला दाखवायचंही नाही. ढोली तर घराच्या आत अंधारात आहे.

लॅपटॉप माझ्या मावसभावानं नागपूरहून आणला. त्याच्या ऑफिसात जुने काढत होते. त्यानं तो पूर्ण साफ करून आणला, नव्यासारखा. आमच्या ओसरीत बसून चालू केला तेव्हा मशीननं विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय. भाऊ माझं नाव टाकायला लागला. बाबा तेवढ्यात ढाब्यावरून आला होता, मनगटापर्यंत पीठ.

"पहिले जय भीम लिव," बाबा म्हणाला.

"काका, हे नाव विचारून राहिलं."

"तं का झालं? तेच लिव."

भावानं मराठी अक्षरं चालू करून दिली. बाबानं हात धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि एका बोटानं स्वतः लिहिलं. भ सापडतच नव्हता. आई वरून वाकून शोधत होती, मी गप्प बसून पाहत होती. सापडला तेव्हा बाबानं तो असा दाबला की चार वेळा उमटला, मग तीन पुसले.

ज्यांच्या घरात कॉम्प्युटर जुना आहे ते लोक तिथं इंग्रजीत छोटंसं काही लिहितात आणि पुढे जातात. त्यांना माहीत असते की त्या नावाचं आत एक फोल्डर बनते, आणि पुढे सगळं त्याच फोल्डरमध्ये जाऊन बसते. डेटा सायन्सचे मोठे पॅकेज देवनागरी असलेल्या पत्त्यावर बसत नाहीत. आम्हाला हे कोण सांगणार? भावालाही माहीत नव्हतं, तो तिथं मशीन पुसून ठेवायचं काम करतो. ओसरीतल्या चौघांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. मी लॅपटॉप मांडीवर उघडला. सेटिंगमध्ये गेली आणि नाव बदललं. जय भीम पुसलं, तिथं इंग्रजीत लिहिलं, स्टुडंट वन.

हे माझ्याच हातानं झालं. सरनं नाही पुसलं, मी पुसलं. त्यावेळी मला फार काही वाटलं नाही हेही खरं आहे. बाजूच्या बाईनं भजी दिली, ती मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. बाबा सकाळी चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. त्याला तो लॅपटॉप उघडताना पाहायला आवडते. पडदा लागला आणि त्यानं वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजी त्याला अक्षराला अक्षर जोडून वाचण्यापुरतं येते.

"हे का हाये वं बाई?"

"स्टुडंट वन."

"आपलं लिवलेलं कोठी गेलं?"

"सरनं काढाले सांगतलं."

"कायले?"

मी म्हटलं, "पायथन चालत नाही म्हणते तेच्यानं."

बाबानं कपातला चहा संपवला.

"सरनं सांगतलं तं राहू दे मंग," तो म्हणाला. "शिक्षण अडाले नाही पाह्यजे."

तो उठून मोटारसायकल पुसायला गेला. तेव्हा मला लाज वाटली. अशी की आत्ता लिहितानाही अंग चोरून बसली आहे मी. आधी वर्गात मला बाबाची लाज वाटली होती, त्याच्या एका बोटाची, त्याच्या हट्टाची. आता माझी मला वाटली. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगते.

शनिवार आला. मी लवकर पोहोचली. आपण सांगितलं तसं केलं आहे, आता होणार, असं मनात होतं. पायथनचं पॅकेज चालू केलं. नेक्स्ट, नेक्स्ट, मी मान्य करते, नेक्स्ट. आणि तोच चौकोन, तीच लाल फुली. खाली पत्त्यात पुन्हा जय भीम.

वर दिसणारं नाव बदललं होतं. आतल्या फोल्डरचं नाव बदलत नाही. ते एकदा बनलं की तसंच राहते. असं का, ते मला नंतर समजलं, त्यावेळी मी फक्त पडद्याकडे पाहत बसली. म्हणजे पुसूनही काही उपयोग झाला नव्हता.

सर माझ्या बाकाजवळ आले. वाकून पाहिलं.

"अरे, अब भी चिपका हुआ है?"

"सर, मी नाव बदललं. फोल्डर नाही बदलून राहिलं."

"अब तो पूरा फॉर्मॅट मारना पडेगा. छोडो. किसके पास इतना टाइम है." त्यांच्या हातात यादी होती. "उधर बगल में नाम लिखवा दो. सोमवार से डेटा एंट्री में बैठो."

मी "हो" म्हटलं असतं. तोंड उघडलंही होतं. सवय असते. पण सर पुढे निघून गेले होते, उत्तराची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याच्या बापाची राईस मिल आहे. माझ्याशी तो कधी वाईट वागला नाही, बोललाही नाही. त्यानं हात वर केला.

"सर, मेरा भी एरर दे रहा है."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. तोच पांढरा चौकोन. तीच लाल फुली. तेच शब्द. खाली पत्ता. सी ड्राइव्ह, यूजर्स, आणि देवनागरीत, श्री गणेश.

सरनं त्याला भिंतीजवळ बोलावलं नाही. वायर मागितली नाही. कोणाचं नाव आहे विचारलं नाही. त्याच्या खुर्चीवर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं ब्राउज दाबलं, सी ड्राइव्हमध्ये पी वाय नावाचं नवीन फोल्डर बनवलं, पत्ता तिकडे वळवला, नेक्स्ट केलं. हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली.

"हो गया बेटा. नाम-वाम से कुछ नहीं होता, बस रास्ता बदल दो."

एवढंच होतं ते. एवढंसं. चहाचा कप खाली ठेवून उचलेपर्यंत झालं.

मी बसलेली होती. वर्ग चालूच होता, कोणी काही विचारत होतं, खाली रस्त्यावर ऑटोवाले गोंधळ करत होते, मला सगळं लांबून ऐकू येत होतं. राग आला का? लोक विचारतात. नाही आला लगेच. पहिले फक्त समजलं. सॉफ्टवेअर काहीच म्हणत नव्हतं. त्याला श्रीही चालत नव्हता आणि भीमही चालत नव्हता, त्याला दोन्ही सारखेच होते. बोलत होते ते सर. त्यांना उपाय पहिल्या दिवसापासून माहीत होता. माझ्या वेळी तो त्यांनी खिशात ठेवला आणि मला घरी पाठवलं, पुसून ये म्हणून. आणि मी गेली. गाडीत बसून मांडीवर ठेवून पुसून आली.

मी लॅपटॉप जवळ ओढला. ब्राउज दाबलं. सी ड्राइव्ह उघडली. नवीन फोल्डर. नाव विचारलं मशीननं. मी इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, लिहिलं, jaibhim. नेक्स्ट.

चौकोन आला नाही. पट्टी सुरू झाली. एक एक पॅकेज बसत गेलं. मला वाटलं मधे कुठं अडेल. अडलं नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन स्टुडंट वन काढलं आणि देवनागरीत पहिलं होतं तेच लिहिलं. मला भ लगेच सापडला.

सर यादी घेऊन परत फिरले तेव्हा मी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पायथनच्या दोन ओळी चालवून पाहत होती.

"अभी तक यहीं हो? नाम लिखवाया?"

"चालू झालं सर."

त्यांनी पडदा पाहिला. पत्ता वाचला.

"किसने करके दिया?"

"मीच केलं. तुमी तेचं केलं तसंच." मी पुढच्या बाकाकडे हात केला. मग विचारलं. आवाज चढवला नाही. "सर, श्री गणेशचा प्रॉब्लेम तुमी बसल्या जागी काढून देल्ला. मले काऊन भिंतीसमोर उभं केलं?"

यावेळी कोणी हसलं नाही. पुढच्या मुलानं आपला लॅपटॉप थोडा खाली वाकवला.

"बहस मत करो," सर म्हणाले. "यहाँ पढने आई हो, नेतागिरी करने नहीं."

"शिकालेच आली. मी डेटा एंट्रीत नाही जात."

"लिस्ट में नाम चला गया है."

"तं काढा सर. मी इथंच बसते."

त्या दिवसापासून मी तिथंच बसली. सरनं मला बाहेर काढलं नाही. दुसरं केलं. मी हात वर केला की त्यांची नजर माझ्या वरून निघून जायची. माझ्या बाकापर्यंत येऊन ते वळायचे. अडीच महिने त्यांनी माझं एकही एरर पाहिलं नाही. बाकीचे तिघं योजनेवाले डेटा एंट्रीत गेले, त्यातल्या एकानं मला जिन्यात सांगितलं, "कायले पंगा घेतं? आपल्याले येथूनच पास होऊन निगाचं हाये." त्याचं खोटं नव्हतं.

घरी आईचं वेगळंच. "आपल्याले शिकाचं हाये, भांडाचं नाही," ती म्हणाली. बाबानं पडद्यावर आपलं लिहिलेलं परत पाहिलं तेव्हा फक्त विचारलं, "मंग चालते का आता?" मी म्हटलं, चालते. त्यानं मान हलवली. गाडीत पुसलं ते मीच पुसलं होतं, सरचा हात नव्हता त्यात, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मले मालूम हाये."

मी एकटी शिकली. एरर आलं की ते पूर्ण वाचायचं, शेवटची ओळ पहिले वाचायची, हे मी माझं मी शिकली. शेवटच्या प्रोजेक्टला मी सौंदडची पॅसेंजर घेतली. रोज किती उशिरा येते ते मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत होती, गाडीची वाट पाहताना दुसरं काम काय असते. ते सगळं तक्त्यात टाकलं, वार लावले, आलेख काढला. कोणत्या वारी थांबावं लागते, कोणत्या वारी नाही, स्वच्छ दिसत होतं. मी भिंतीसमोर उभी राहून ते दाखवलं. स्वतः वायर जोडली. सर मोबाईलमध्ये पाहत होते.

"नेक्स्ट," ते म्हणाले.

प्रमाणपत्राच्या दिवशी हार होते, पेढे होते, एक पाहुणे होते. एकेकाला पुढे बोलावत होते. माझं नाव आलं. पाहुण्यांनी हसून कागद हातात दिला, फोटोवाल्यानं इकडे पाहा म्हटलं. मी कागदाकडे पाहिलं. माझं नाव बरोबर होतं. बापाचं नाव बरोबर होतं. खाली कोर्सचं नाव होतं, डेटा एंट्री ऑपरेटर.

मी सरकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. त्यांना माहीत होतं. लिस्ट में नाम चला गया है म्हटलं होतं ना त्यांनी, ते त्यांनी पुढे चालू ठेवलं होतं, शेवटपर्यंत.

मी कागद टेबलावर ठेवला. पेढ्याच्या डब्याच्या बाजूला. पाहुणे म्हणाले, "बेटा, घ्या ना." मी म्हटलं, "हे माझं नाही." आणि खाली येऊन बसली. फोटोत मी नाही.

घरी बाबा म्हणाला, "कागद तं हाये ना बाई. घेऊन घ्याचा होता. काम तं भेटते तेच्यावर." त्याला भीती वाटत होती. मला पण वाटते. त्या कागदाशिवाय माझ्याजवळ त्या महिन्यांचं दाखवायला काही नाही, आणि तो कागद घेतला तर आयुष्यभर लोक मला तेच समजतील जे सरनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मी बाबाला म्हटलं, "मी टायपिंग नाही केलं बाबा. मी जे केलं तेच लिवून पाह्यजे."

प्रमाणपत्र दुरुस्त करून द्या म्हणून मी सेंटरला अर्ज दिला आहे. हजेरीची प्रत जोडली आहे, प्रोजेक्टची फाईल जोडली आहे. योजनेच्या ऑफिसलाही एक प्रत टाकली. दर सोमवारी मी गोंदियाला जाते. काउंटरवरची मुलगी म्हणते, "सर नहीं हैं." मी म्हणते, बसते. बाकावर बसून लॅपटॉप उघडते आणि माझं काम करते. मागच्या सोमवारी ती म्हणाली, "दीदी, वही वाला पडा है, ले जाओ ना, किसको फर्क पडता है."

मला पडते. उद्या सोमवार आहे. सकाळच्या पॅसेंजरनं जाणार. सर आले की सगळे उभे राहतात, मी बसून राहणार. त्यांनी विचारलं की अजून काय पाहिजे, तर सांगणार, पायथन लिहा. तेच लिहून मिळेपर्यंत येत राहणार.